डाइव्हिंगसाठी कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचं हाऊसिंग: सोलापुरात बसून नीट कसं निवडायचं

मालवण-तारकर्लीला जाऊन पाण्याखाली डोकावून आलेली माणसं आता सोलापुरात सहज भेटतात. त्यातले काही पुढे रीतसर कोर्स करतात आणि कोर्स संपला की विचारतात, ‘फोटो काढायला काय घेऊ?’ अडचण अशी की हाऊसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्याखाली नेण्यासाठीचं पाणी न शिरणारं आवरण, हातात घेऊन, खटके उघडून-मिटून बघता येईल असं दुकान माझ्या पाहण्यात तरी शहरात नाही. नवी पेठेत कॅमेरा मिळेल, हाऊसिंग मात्र मागवावंच लागतं. मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो बघून इतकी महाग वस्तू घ्यायची, तर काय तपासायचं हे आधी माहीत हवं. मी या सगळ्यातून गेलो आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

दोन गोष्टी आधीच सांगतो. आधी हाऊसिंग ठरवा, मग कॅमेरा. बहुतेक लोक उलटं करतात आणि अडकतात. आणि हाऊसिंग कितीही भारी असलं तरी ते कोरडं राहतं ते ओ-रिंगमुळे, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणाऱ्या रबरी कड्यामुळे. ती ओ-रिंग स्वतः काढून, पुसून, परत बसवायची तयारी नसेल तर डाइव्ह सेंटरवाल्यांचा कॅमेरा वापरणं जास्त शहाणपणाचं.

१. किती खोल आणि कुठल्या पाण्यात, हे आधी लिहून काढा

समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १८ मीटरवर तळहाताएवढ्या, १०० चौरस सेंटिमीटर जागेवर पाण्याचा भार जवळपास १८० किलो पडतो. हा भार झाकण, काच आणि प्रत्येक बटण एकाच वेळी सोसत असतं.

तुमची मर्यादा तुमच्या प्रमाणपत्रावर ठरते. कोर्स न करता प्रशिक्षकाचा हात धरून केलेली ओळखीची डाइव्ह जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, ओपन वॉटर (पहिला रीतसर कोर्स) १८ मीटर, ॲडव्हान्स्ड (त्यापुढचा) ३० मीटर, आणि हौशी डाइव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर. हाऊसिंगची मर्यादा तुमच्या मर्यादेहून ठळकपणे जास्त हवी. ओपन वॉटर झालेल्याने ४० मीटरचं हाऊसिंग घेतलं की झालं. ६० किंवा १०० मीटरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायची पहिल्या वेळी गरज नाही.

नुसती ओळखीची डाइव्ह करायची असेल तर काहीच घेऊ नका. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो, हात मोकळे नसतात, आणि व्हिडिओ बहुधा तेच काढून देतात. कोर्सच्या डाइव्हमध्येही कॅमेरा नको. पाण्यात एका खोलीवर स्थिर तरंगत राहणं जमत नसताना हातात कॅमेरा आला की लक्ष हवेच्या काट्यावरून उडतं, आणि पाय प्रवाळावर आपटतात.

पाणी कसं आहे तेही लिहा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं, दिसतं ते थोड्या अंतरापर्यंतच. मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट त्या मानाने स्वच्छ, अंदमानचं स्वराज द्वीप आणखी स्वच्छ. गढूळ पाण्यात जवळून काढलेले छोट्या जिवांचे फोटो चांगले येतात, स्वच्छ पाण्यात रुंद दृश्यं. कुठला कॅमेरा आणि कुठलं पोर्ट (हाऊसिंगचा लेन्ससमोरचा काचेचा भाग), हे यावरून ठरतं.

२. ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नका

गळ्यात अडकवायचे मोबाइलचे पारदर्शक पाऊच पावसासाठी, धबधब्यासाठी ठीक. १० मीटरवर आतली हवा निम्म्या जागेत दाबली जाते, प्लॅस्टिक पडद्याला चिकटतं आणि टच बंद पडतो. पाऊच फुटला नाही तरी फोटो निघत नाही.

मोबाइलवरचं आयपी-६८ हे मानांकन कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या खोलीपुरतं, स्थिर गोड्या पाण्यातल्या चाचणीचं असतं. समुद्र खारा आहे, स्थिर नाही, आणि तुम्ही पाय मारत पुढे जात असता.

उघड्या अंगाने पाण्यात जाणारे कॅमेरेही असतात. ओएम सिस्टिमचा टीजी-७ स्वतः १५ मीटरपर्यंत चालतो. गोप्रोचे अलीकडचे ‘हिरो ब्लॅक’ कॅमेरे हाऊसिंगशिवाय १० मीटर आणि कंपनीच्या हाऊसिंगसह ६० मीटर. १५ हा आकडा ओपन वॉटरच्या १८ पेक्षा कमी आहे, हे विसरू नका. खाली एखादं कासव दिसलं की तीन मीटर कधी उतरलो ते कळत नाही. शिवाय अशा कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या दाराला लागलेलं सील एवढाच आडोसा असतो. हाऊसिंगमध्ये असा कॅमेरा घातला तर दोन आडोसे होतात: हाऊसिंगमध्ये चमचाभर पाणी आलं तरी कॅमेरा वाचतो. नवख्याला मी टीजी मालिका सुचवतो ती याच कारणासाठी. तिची लेन्स बाहेर येत नाही, आणि एक सेंटिमीटरवरूनही फोकस होतो, म्हणजे मालवणच्या पाण्याला अगदी योग्य.

३. हाऊसिंग आणि कॅमेरा: मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा

हाऊसिंग एका ठरावीक कॅमेऱ्याच्या मापाचं असतं. बटण एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी बाहेरची दांडी आतल्या बटणावर पडत नाही. कॅननचा जी-७ एक्स आणि त्याचाच मार्क-२ दिसायला भाऊ-भाऊ, पण कंपनीने दोघांना वेगळी हाऊसिंग दिली. उलट उदाहरणही आहे: टीजी-६ साठीचं पीटी-०५९ हे ४५ मीटरचं हाऊसिंग टीजी-७ लाही चालतं. सोनीचं एमपीके-यूआरएक्स१००ए हे ४० मीटरचं हाऊसिंग आरएक्स१०० मालिकेतल्या अनेक मॉडेलांना चालेल असंच बनवलंय. अंदाजाने चालत नाही, कंपनीच्या यादीत नाव असलं पाहिजे.

मला एका विक्रेत्याने फोनवर सांगितलं होतं, ‘त्याच सिरीजचं आहे, बसेल.’ मी मॉडेल नंबर लेखी मागितला, तर पुढे उत्तरच आलं नाही. तुम्हीही लेखीच मागा.

हाऊसिंग आधी ठरवा म्हणतो ते म्हणूनच. कित्येक चांगल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांसाठी हाऊसिंग बनतच नाही, किंवा बनत होतं ते आता बंद झालंय. घरी असलेल्या कॅमेऱ्यासाठी हाऊसिंग शोधायला निघालात आणि ते फक्त वापरलेलं मिळत असेल, तर एक गोष्ट तपासा: त्याची मुख्य ओ-रिंग आज नवी विकत मिळते का? मिळत नसेल तर ते हाऊसिंग फुकट मिळालं तरी नको.

४. प्लॅस्टिक की ॲल्युमिनियम

पॉलीकार्बोनेटचं हाऊसिंग हलकं, तुलनेने स्वस्त, आणि पारदर्शक असेल तर ओ-रिंग नीट बसली आहे का ते बाहेरून दिसतं. आत थेंब आला तर तोही लगेच दिसतो. त्याचा दोष असा की प्लॅस्टिक उष्णता बाहेर सोडत नाही, त्यामुळे आत वाफ लवकर धरते. ॲल्युमिनियमचं जड, टिकाऊ, वाफ कमी, आणि खोलीची मर्यादा बऱ्याचदा १०० मीटरपर्यंत. काहींना हवा ओढून निर्वात तपासणीची सोय असते, म्हणजे पाण्यात उतरायच्या आधीच गळती कळते. पण त्याची किंमत अनेकदा आतल्या कॅमेऱ्याहून जास्त होते.

पहिलं हाऊसिंग पॉलीकार्बोनेटचंच घ्या, शक्यतो कॅमेऱ्याच्या कंपनीचं. ॲल्युमिनियमचा विचार बाहेरचे फ्लॅश लावायला लागाल तेव्हा.

५. वर्णन वाचताना थांबायच्या जागा

बटणं. किती बटणं चालतात ते मोजा. कॅमेऱ्याची गोल चकती किंवा लेन्सभोवतीची रिंग हाऊसिंगमधून फिरते का? व्हाइट बॅलन्स (रंग खरे यावेत म्हणून करायची जुळणी) हाताने बसवायचं बटण पोचतं का? पडद्याचा टच हाऊसिंगमध्ये चालत नाही, त्यामुळे ज्या कॅमेऱ्यात महत्त्वाची कामं टचवरच होतात तो पाण्याखाली लंगडा पडतो.

खटका. नुसता दाबून मिटणारा नको. आधी कळ सरकवायची, मग उघडायचं, असा दुहेरी खटका हवा. बोटीवर बॅगेत घासून एकेरी खटका उघडू शकतो.

पोर्ट. लेन्ससमोरची काच सपाट असेल तर पाण्यात सगळं सुमारे ३३ टक्के मोठं दिसतं आणि दृश्य त्या मानाने अरुंद होतं. मासोळीसाठी छान, पण जहाजाच्या सांगाड्यासाठी किंवा सोबतच्या डाइव्हरसाठी मागे-मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की मधलं गढूळ पाणी वाढतं. पोर्टच्या कडेला ६७ मिलिमीटरचे आटे असतील तर पुढे पाण्यातच लावता-काढता येणारी रुंद किंवा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स जोडता येते. आज घेणार नसाल तरी आटे असलेलंच बघा. खूप लांब झूमच्या कॅमेऱ्यांचं पोर्ट लांब असतं, आणि अशा पोर्टवर रुंद लेन्स लावली की फोटोचे कोपरे काळे येतात.

फ्लॅश. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-दहा मीटरवर लाल जवळजवळ संपतो, पुढे नारिंगी, मग पिवळा. म्हणून फोटो निळे-हिरवे येतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लावला तर लेन्सशेजारून गेलेला उजेड पाण्यातल्या कणांवर आपटून परत येतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात. उपाय म्हणजे लेन्सपासून लांब, हातभर दांडीवर बसवलेला बाहेरचा फ्लॅश. तो कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या उजेडाने, फायबरच्या केबलमधून पेटतो. म्हणजे हाऊसिंगला त्या केबलची जागा हवी, आणि वर उघडणारा फ्लॅश असेल तर त्याला आत उघडायला वाव हवा. सुरुवातीला मात्र बाहेरचा फ्लॅश नको. हाताने बसवलेला व्हाइट बॅलन्स, रॉ फाइल (नंतर रंग सुधारता येणारी कच्ची फाइल), आणि अर्ध्या मीटरच्या आत जाऊन घेतलेला फोटो, एवढ्याने मालवणच्या पाण्यातही रंग येतात.

तळाला ट्रायपॉडचा स्क्रू बसायची जागा आहे का, तेही बघा. पुढे दांडी त्यालाच लागते.

६. मागवताना काय काय हातात हवं

कागद:
- कॅमेरा आणि हाऊसिंग दोघांचंही पक्कं बिल, मॉडेल आणि सिरीयल नंबरसह. परदेशातल्या डाइव्हिंगला नेलंत तर परत येताना विमानतळावरही उपयोगी.
- वॉरंटीचा कागद. आयात करून विकलेल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर वॉरंटी देतं का, ते पैसे भरायच्या आधी लेखी विचारा.
- विमा काढणार असाल तर पॉलिसीतलं पाण्याच्या नुकसानीचं कलम.
- डाइव्हिंगसाठी प्रमाणपत्राचं कार्ड, ओळखपत्र आणि आरोग्याची प्रश्नावली.

सामान, हाऊसिंगच्याच ऑर्डरमध्ये:
- एक जास्तीची मुख्य ओ-रिंग
- त्याच कंपनीचं सिलिकॉन ग्रीस
- सिलिका जेलच्या चपट्या पुड्या
- गुंडाळीचा पट्टा, डाइव्हिंगच्या जॅकेटला अडकवायला
- चश्म्याचा मायक्रोफायबर कपडा, दोन
- छोटी टॉर्च

ग्रीस कंपनीचंच घ्या हे मी आग्रहाने सांगतो. ओ-रिंगचं रबर वेगवेगळं असतं. चुकीच्या ग्रीसने सिलिकॉनची रिंग फुगते, खाचेत मावत नाही आणि मिटताना झाकणात चिमटते. हार्डवेअरच्या दुकानातलं ग्रीस किंवा व्हॅसलीन मुळीच नको.

७. पार्सल आलं: आधी रिकामं बुडवा

कॅमेरा आत घालू नका. हाऊसिंगमध्ये कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि मिटा.

पहिली पायरी बादली. दोन्ही हातांनी पाण्याखाली धरा, बारीक बुडबुड्यांची माळ येते का बघा. झाकणाच्या फटीत अडकलेली हवा दोन-चार बुडबुडे सोडते, ते चालतं. एकाच जागेवरून सतत येणारी धार चालत नाही. मग सगळी बटणं पाण्याखालीच वीस-वीस वेळा दाबा. बाहेर काढा, पुसा, उघडा, टिश्यू गालाला लावून बघा. गालाला ओल लगेच कळते.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते: गळती बहुधा खोलवर नाही, पहिल्या एक-दोन मीटरमध्येच होते. खोल गेल्यावर दाबानेच झाकण ओ-रिंगवर घट्ट बसतं. वरच्या पाण्यात तो दाब नसतो, आणि खाचेतला एक केसही पाण्याला वाट देतो. म्हणून बादलीची चाचणी गंभीरपणे करा.

दुसरी पायरी विहीर, आणि इथे सोलापूरकरांना खरी सोय आहे. शेतावर, नातेवाइकांकडे तीस-पस्तीस फूट पाणी असलेली विहीर शोधा. तेवढं पाणी म्हणजे दहा मीटर, एक पूर्ण वातावरण दाब. रिकामं हाऊसिंग तरंगतं, त्यामुळे वजन लागतं. कांद्याची जाळीदार पिशवी घ्या, हाऊसिंग त्यात ठेवून तोंड आवळा. दगड त्याच पिशवीत घालू नका, काच चरते. दुसऱ्या पिशवीत घालून हातभर खाली लोंबता बांधा. दोरीला दर मीटरला गाठ किंवा रंगीत धागा. दोरी हाऊसिंगच्या मनगटी पट्ट्याला नाही, पिशवीच्या गळ्याला.

आधी एका मीटरवर दहा मिनिटं. वर घ्या, पारदर्शक असेल तर न उघडता आत बघा. कोरडं असेल तर एकेक गाठ सोडत नऊ-दहा मीटरपर्यंत, पण दगड गाळाला टेकू देऊ नका. अर्धा तास ठेवा. वर काढताना भिंतीच्या दगडांवर आपटू नये म्हणून एक माणूस बाजूला उभा हवा. तुम्ही काठावर पक्क्या जागेवर उभे राहा, कुणीही आत उतरायचं नाही, आणि शेताच्या मालकाला सोबत घ्या. नंतर हाऊसिंग नळाच्या पाण्याखाली धुऊन, पुसून, मगच उघडा.

टिश्यू कोरडा निघाला की कॅमेरा घालून जलतरण तलावात एक फेरी मारा. तिथे फोटोची नाही, बटणांची सवय करायची. डोळे मिटून शटर, झूम आणि फोटो-व्हिडिओचं बटण सापडलं पाहिजे. व्यवस्थापनाची परवानगी काढून, गर्दी नसेल तेव्हा जा. इतरांच्या अंगावर कॅमेरा रोखला जाणार नाही याची काळजी घ्या.

८. ओ-रिंग: इथे वेळ द्या

हे काम निवांत, चांगल्या उजेडात, पंखा बंद करून करायचं. डाइव्हच्या आदल्या रात्री उत्तम. बोटीवर कधीही नाही.

हात साबणाने धुवा आणि वाळू द्या, पुसू नका. हे सोलापुरात मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपल्या प्रत्येक घरात टेरी टॉवेल आहे. तो पाणी शोषतो ते त्याच्या उभ्या राहिलेल्या फासांमुळे, आणि त्या फासांची लव हाताला, कपड्याला, सगळीकडे लागते. टॉर्च तिरपी धरून ओ-रिंगकडे बघा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पांढरा तंतू ग्रीसवर आडवा पडलेला दिसेल. रिंगच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पोचलेला असा एक तंतू पुरेसा असतो. पाणी त्याच्या कडेने आत झिरपतं. नवा टॉवेल तर जास्तच सोडतो. टॉवेल बाहेरून हाऊसिंग गुंडाळायला वापरा, खुशाल. उघडलेल्या हाऊसिंगजवळ मात्र टॉवेलही नको, चादरही नको. टेबलावर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद पसरा आणि अंगात गुळगुळीत कापडाचा शर्ट असू द्या.

रिंग काढायला सुई, पिन, कटर नको. दोन्ही अंगठ्यांनी रिंग खाचेतच एका जागी ढकला, तिथे ती फुगून वर येईल, तिथून उचला. फार तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा.

काढलेली रिंग बोटांच्या चिमटीतून हळू फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना वाळूचा कण आधी कळतो. कुठे चीर, चपटेपणा, खरखर लागली तर नवी घाला. फिरवताना ताणू नका. मग खाच: मायक्रोफायबरची टोकदार घडी करून चारी बाजू आणि कोपरे पुसा. समोरच्या झाकणाची जी सपाट कड रिंगवर टेकते तीही पुसा. ती लोक विसरतात.

ग्रीस मोहरीएवढं. बोटाला घेऊन रिंग त्यातून फिरवा, रिंग नुसती ओलसर चमकली पाहिजे. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रबर अडवतं. ग्रीसमुळे रबर न चिमटता सरकतं, एवढंच. थर दिसत असेल तर जास्त झालंय, आणि जास्तीचं ग्रीस लव आणि वाळू गोळा करतं.

रिंग बसवताना आधी चार कोपरे, मग मधल्या बाजू. एका टोकापासून ओढत गेलात तर शेवटी लांबी उरते आणि ती पीळ खाते. मिटताना पट्टा, दोरा, सिलिका जेलच्या पुडीचा कोपरा फटीत येत नाही ना, बघा. खटका लागल्यावर टॉर्च बाहेरून फिरवा: रिंगची रेषा सगळीकडे सारख्या जाडीची, सारखी गडद दिसली पाहिजे.

९. वाफ, आणि सोलापूरची उंची

आत दमट हवा बंद झाली आणि कॅमेरा तापला की थंड काचेवर वाफ धरते. किनाऱ्यावरची हवा दमट, म्हणून हाऊसिंग बोटीवर किंवा उघड्या व्हरांड्यात मिटू नका. लॉजवर एसीची खोली असेल तर अर्धा तास एसी लावून, तिथेच नवी सिलिका जेल घालून मिटा. मग उन्हात ठेवू नका, ओल्या कपड्याखाली सावलीत. निळ्या दाण्यांच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं; ती परत वाळवायला स्वयंपाकाच्या तव्यावर घेऊ नका.

‘सोलापूरची हवा कोरडी आहे, इथेच मिटून नेतो’ असं डोक्यात येतं. कोरडी आहे हे खरं, पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे आणि इथली हवा सुमारे पाच टक्के विरळ. इथे घट्ट मिटलेलं हाऊसिंग मालवणला उघडायला गेलात तर बाहेरची जड हवा झाकण दाबून धरते. दीडशे चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर हा भार सात-आठ किलोचा होतो. झाकण निघत नाही म्हणून लोक स्क्रूड्रायव्हर घालतात आणि कडेला कायमचा ओरखडा पाडतात. प्रवासात हाऊसिंग न मिटता, खटका सैल ठेवून न्या, मुख्य ओ-रिंग काढून स्वच्छ डबीत. विमानातही तसंच. होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याला जाणार असाल तर लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून.

उंचीवरून आणखी एक, कॅमेऱ्याहून महत्त्वाचं. परतीच्या वाटेवर आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, बाकीचे घाटही चढायचेच असतात. सकाळी डाइव्ह करून दुपारी घाट चढणं बरं नाही, कारण पाण्याखाली शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवर बुडबुडे होऊ शकतात. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तासांचा खंड ठेवायला सांगतात. घाटासाठीही प्रशिक्षकाला विचारा आणि एक रात्र किनाऱ्यावर काढा.

१०. बोटीवर आणि पाण्यात

कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही, मग बोटीवरच्या माणसाकडून कॅमेरा मागून घ्या आणि पट्टा जॅकेटला अडकवा. अर्धा मीटर पाण्यात धरून एक मिनिट निरखा. बुडबुड्यांची धार किंवा आत थेंब दिसला तर लगेच वर द्या.

खोलवर पाणी शिरताना दिसलं तर काच खालच्या बाजूला करा, म्हणजे पाणी पोर्टमध्ये साचेल आणि कॅमेऱ्याच्या पोटापर्यंत कमी पोचेल. पण वर येण्याचा वेग वाढवायचा नाही, वर येताना मध्येच घ्यायचा सुरक्षेचा थांबा चुकवायचा नाही. कॅमेरा नवा घेता येतो. बोटीवर आल्यावर हाऊसिंग तोंडापासून लांब धरून उघडा, कारण भिजलेल्या बॅटरीतून वायू साचून झाकण जोरात उडू शकतं. बॅटरी काढा, आणि चालू होतोय का हे बघायचा मोह आवरा.

मर्यादेच्या खाली गेल्याची पहिली खूण बटणं देतात. पाण्याचा दाब त्यांच्या स्प्रिंगवर मात करतो आणि ती दाबलेलीच राहतात. तसं झालं की वर या.

११. परत आल्यावर

मीठ वाळायच्या आत हाऊसिंग गोड्या पाण्यात बुडलं पाहिजे, म्हणजे मालवणलाच, लॉजच्या बादलीत. सोलापूरपर्यंत थांबलात तर बटणांच्या दांड्यांमध्ये मिठाचे खडे धरतात आणि ते आतल्या बारीक ओ-रिंग कापतात. अर्धा तास बुडवा, सगळी बटणं पाण्याखाली दाबत राहा. डाइव्ह सेंटरच्या सामायिक टाकीत कॅमेरा सोडून जाऊ नका. दहा जणांचं सामान एकमेकांवर आदळतं आणि खटके उघडतात.

घरी परत एकदा धुवा, पण बोअरच्या पाण्याने नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार काचेवर पांढरे डाग ठेवतात आणि बटणांत बसतात. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. उघडताना झाकण खाली झुकवा, म्हणजे कडेचा थेंब आत पडणार नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तिथे प्लॅस्टिक वाकतं आणि रबर मरतं. घरातल्या थंड कपाटात, खटका सैल, बॅटरी बाहेर.

पावसाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर, कोकणातलं डाइव्हिंग बंद असतं. मुख्य ओ-रिंग दरवर्षी याच काळात बदला. बटणांच्या आतल्या ओ-रिंग घरी उघडू नका, त्या सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या, आणि ऑगस्ट संपायच्या आत पाठवा. पार्सल जायला-यायला वेळ लागतो आणि हंगाम ऑक्टोबरच्या आसपास उघडतो. सर्व्हिसहून आलेलं हाऊसिंगही पुन्हा टिश्यू घालून, रिकामंच विहिरीत सोडायचं.